एका पेटीत चार बिऱ्हाडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या अल्लीपुरात मासा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रस्सा येतो. कापूस, तूर आणि सोयाबीनचे हे गाव. तळ्यातली मरळ टोपलीतून विकायला आली, की ती ताजी आहे की नाही एवढीच चौकशी होते. अशा गावात मी, एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने, बैठकीत तीन फुटांची काचेची पेटी मांडली आणि तिच्यात चार मासे चार खणांत ठेवले, तेव्हा बघणाऱ्यांची रीघ लागली. एक जुना विद्यार्थी बराच वेळ निरखून म्हणाला, "काऊन गुरुजी, रिटायर झाले तरी तुकड्या पाडूनच राह्यले?"

तुकड्या का पाडाव्या लागल्या, त्याची हकीकत आज सांगणार आहे. ती माझ्याच एका चुकीपासून सुरू होते.

माझा नातू नागपूरला शिकतो. एका दिवाळीच्या सुट्टीत तो लोणच्याच्या बरणीएवढ्या बाटलीत एक मासा घेऊन आला. निळे अंग, तांबूस पर, आणि शेपटी अशी की जणू पैठणीचा पदर पाण्यात सोडला आहे. दुकानात याला 'फायटर' म्हणतात. शाळा सुरू झाली, नातू परत गेला आणि मासा माझ्याकडे राहिला. नाताळात तो आणखी एक घेऊन आला, लालभडक. "आबा, हा एकटा कंटाळत असेल ना? दोघांना एकत्र ठेवू या?" मी तीस वर्षे पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस. मी म्हणालो, "ठेव की. थोडे भांडतील, मग जमेल. तुम्ही भावंडे नाही का भांडत?"

रात्री प्लास्टिकच्या टबात दोघांना सोडले. सकाळी लाल मासा कुशीवर पडलेला होता. परांच्या चिंध्या झाल्या होत्या, एक डोळा गेला होता. दुपारपर्यंत तो मेला. नातवाने मला एक शब्दही विचारला नाही, आणि तेच मला लागले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जाताना निळ्याची बाटली छातीशी धरून निघाला. बसथांब्यावर मी ती त्याच्याकडून मागून घेतली आणि शब्द दिला, "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत याचे नीट घर करतो. त्यात चार मासे राहतील आणि एकही दुसऱ्याला हात लावणार नाही." माशाला हात नसतो, हे सांगण्याइतकाही तो माझ्याशी मोकळा नव्हता.

मग मी वाचायला बसलो. खरे तर आधी वाचायला हवे होते.

हा मासा मूळचा थायलंडचा. तिकडे त्याला 'प्ला कात' म्हणतात. अर्थ, चावणारा मासा. लढण्यासाठी, पैजा लावण्यासाठी त्याची पिढ्यान्पिढ्या निवड केली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाप्रमाणे माणसाने तो पाळायला लागून निदान चारशे वर्षे झाली आहेत. १८४० साली सयामच्या राजाने आपल्याकडचे काही मासे एकाला दिले आणि त्याच्याकडून ते थिओडोर कॅन्टर या डॉक्टरच्या हाती आले. हा डेन्मार्कचा, पण नोकरी आपल्या बंगालात, ईस्ट इंडिया कंपनीची. त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्याने दिलेल्या नावाचा घोळ पुढे टेट रेगन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने निस्तरला आणि 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे आजचे नाव रूढ झाले. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. म्हणजे आपल्या नातवाच्या बाटलीत एका देशाचे मानचिन्ह होते!

मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. मोकळ्या पाण्यात दोन नर समोरासमोर आले, तर लढाई फार वेळ चालत नाही. कल्ल्यांची झाकणे फुगवायची, पर पसरायचे, एकदोन चावे घ्यायचे; हरलेला गवतात पळून जातो आणि प्रकरण मिटते. टबात पळायला जागाच नसते. जिंकणारा समोरच्याला घालवू पाहतो आणि हरणारा जाऊ शकत नाही. लाल मासा त्या रात्री लढून मेला नाही; त्याला जायला दार नव्हते म्हणून मेला.

दुसरा गैरसमज बाटलीचा. "हा मासा डबक्यात राहतो, त्याला बाटली पुरते," असे विकणारा सर्रास सांगतो. याचा अर्धा भाग खरा आहे. या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीघडीचे इंद्रिय असते. त्याला लॅबिरिंथ म्हणतात, म्हणजे भुलभुलैया. त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतो. आपली मरळ आणि मागूरही आपापल्या परीने हेच करतात. म्हणून तर त्या टोपलीत तासन्तास जिवंत राहतात. पण हवेतून श्वास घेता येतो म्हणजे स्वतःच्या घाणीत राहता येते, असे नव्हे. त्याचे मूळ घर भाताच्या बांध्यांत आणि दलदलीत. पाणी उथळ असेल, पण ते एकरभर पसरलेले असते. बाटलीतल्या लिटरभर पाण्यात त्याच्या विष्ठेतला अमोनिया दोन दिवसांत चढतो. मग मासा तळाशी बसून राहतो आणि आपण म्हणतो, किती शांत आहे!

येथेच विभागलेल्या पेटीचा मुद्दा येतो. चार मासे चार बाटल्यांत ठेवले, तर चार वेळा पाणी बदला, थंडीत चार हीटर लावा. त्याऐवजी एकच मोठी पेटी घेतली आणि पाणी आरपार जाईल पण मासा जाणार नाही अशा भिंती घातल्या, तर पाणी सगळ्यांचे एकच राहते. ते जास्त असल्यामुळे लवकर तापत नाही, लवकर गारठत नाही, घाणही पातळ होते. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीत दहा इंचांपर्यंत भरले तर साधारण सत्तर लिटर पाणी मावते. चार खण केले तर प्रत्येकाच्या वाट्याला सोळा-सतरा लिटर. आणि मागे सगळ्या सत्तर लिटरचा आधार!

खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून मी पेटी करून घेतली. सिलिकॉन वाळायला दोन दिवस दिले आणि मग अंगणात पाणी भरून रात्रभर ठेवून पाहिली. हे जरूर करा. पाण्यासह तिचे वजन एक क्विंटलच्या आसपास जाते. भिंतीतल्या लाकडी फळीवर ती ठेवायची नसते. मी जुना सागवानी बाक घेतला आणि वर थर्माकोलचा पत्रा टाकला.

भिंतींनी मात्र माझी परीक्षा पाहिली. पहिल्यांदा साध्या काचेच्या भिंती घातल्या. बाजारातून आणखी दोन नर आणले होते. तिघांनी दिवसभर एकमेकांना बघून कल्ले फुगवले. ना खाणे, ना विसावा. दोन मिनिटे आरसा दाखवला की मासा छान फुलतो, त्याचा व्यायामही होतो. पण तो आरसा चोवीस तास समोर ठेवणे म्हणजे छळ आहे. शिवाय बंद काचेमुळे पाणी फिरेना. एका पेटीत तीन बाटल्याच झाल्या म्हणा.

तेव्हा काचा काढल्या आणि प्लास्टिकची जाळी लावली. पाणी फिरू लागले, पण निळ्याच्या शेपटीला दुसऱ्याच दिवशी चीर पडली. जाळीच्या कापलेल्या कडेला पर अडकत होता. आता कोणतीही वस्तू पेटीत घालण्याआधी मी तिच्यावरून सौभाग्यवतींच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा फिरवतो. धागा अडकला तर परही अडकणार. या कसोटीला पैसा लागत नाही. साडी मागण्याचे धैर्य तेवढे लागते.

शेवटी जमले ते काळ्या अॅक्रिलिकच्या पत्र्याने. जाडी चार मिलिमीटर, कारण पातळ पत्रा पाण्यात बाक धरतो. त्याला तीन-तीन मिलिमीटरची भोके ड्रिलने पाडली आणि प्रत्येक भोकाची कड पॉलिश कागदाने घासली. तीन पत्र्यांची ही घासाई आठ दिवस चालली. अॅक्रिलिकला सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून काचेच्या बारीक पट्ट्या पेटीच्या भिंतींना चिकटवून खाचा केल्या आणि पत्रे त्यांत वरून सरकवले. खालची कड वाळूत दोन बोटे पुरली. माशाला फट सापडली की तो तिच्यात शिरतोच आणि अर्ध्यात अडकतो.

एवढे करून मी समाधानाने झोपलो. चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या खणातला मासा दुसऱ्यात होता आणि दोघांचेही पर फाटलेले. मी भिंत पाण्याच्या वर जेमतेम अर्धा इंच ठेवली होती. हा मासा चांगली उडी मारतो. आमच्या घराच्या मधोमधही एक भिंत आहे. वाटणीच्या वेळी उठलेली. तिच्या पलीकडे धाकटा भाऊ राहतो. वर्षानुवर्षे आमचे बोलणे कामापुरते. बैठकीतला गोंधळ ऐकून तो त्या दिवशी आला, पेटीकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, भिंत घालायचीच तर वरपर्यंत घाला." पुन्हा पत्रे कापले, झाकणाला टेकतील एवढे. झाकण आणि पाणी यांमध्ये दोन-अडीच इंच हवा मोकळी सोडली. ती हवा दमट आणि उबदार राहणे या माशाला गरजेचे असते, कारण तीच तो श्वासात घेतो.

पाण्याचे तंत्र थोडक्यात सांगतो. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत. नव्या पेटीत लगेच मासे सोडू नयेत. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ही वाट पाहिली नव्हती, म्हणून भिंतींच्या खटाटोपानंतर सगळे मासे बादल्यांत काढले आणि पेटी नुसती चालवली. रोज चिमूटभर खाद्य टाकायचे, ते कुजायचे आणि जिवाणूंचे पोट भरायचे. बादल्यांतले पाणी मी रोज बदलत होतो. नातवाचा फोन यायचा. एकच प्रश्न, "आबा, झाले का?" पण फोन यायला लागला होता.

गाळणीसाठी स्पंज फिल्टर बरा. लांब परांच्या माशाला प्रवाह सोसत नाही. एकच फिल्टर मधल्या खणात लावला, तर टोकांच्या खणांत पाणी शिळे राहते, असा माझा अनुभव. मी एका हवेच्या पंपाला दोन फाटे काढून दोन्ही टोकांना एकेक स्पंज लावला आणि बुडबुडे मंद ठेवले. देशी बदामाचे वाळलेले पान धुऊन पाण्यात टाकतो. पाणी चहासारखे तांबूस होते. दिसायला मळकट, पण माशाला मानवते.

आपल्या वर्ध्याच्या हवेचे मात्र काही विचारू नका. या माशाला २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. मे महिन्यात आमचा पारा ४५च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या रात्री दहापर्यंत उतरतो. थंडीत एक हीटर सगळ्या खणांना पुरतो, हा या पेटीचा सर्वांत मोठा फायदा. उन्हाळ्यात पेटी कूलरच्या खोलीत ठेवतो. पण वाऱ्याने पाणी इतके उडते की दर दोन दिवसांनी भर घालावी लागते. एका मे महिन्यात वादळाने तार तुटली आणि रात्रभर वीज नव्हती. पंप बंद पडल्याने हे मासे गुदमरत नाहीत, वर येऊन श्वास घेतात. धोका होता तापण्याचा. पाणी ३३ अंशांवर गेले. आमच्या फ्रिजमधला बर्फ वितळला होता. धाकट्याच्या बायकोने त्यांच्या बर्फपेटीतला उरलेला बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि पहाटेपर्यंत आम्ही तिघे आळीपाळीने थर्मामीटर बघत बसलो. त्या रात्री आम्ही कितीतरी वर्षांनी एकत्र चहा घेतला.

खाण्याचे सोपे आहे. दिवसातून दोनदा तीन-चार दाणे, आणि आठवड्यातून एक उपास. आमच्या घरी तो एकादशीला जोडून घ्यावा, असा ठराव झाला होता. पण एकादशी पंधरा दिवसांनी येते हे लक्षात आल्यावर गुरुवार ठरला. डासांच्या अळ्या हे यांचे आवडते पक्वान्न. मी त्या कूलरच्या पाण्यातून गाळून घेत असे. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या आरोग्यसेवकाने मला गाळणीसह पकडले आणि माझ्याच विद्यार्थ्यांसमोर कोरड्या दिवसाचे महत्त्व शिकवले. तेव्हापासून अळ्या बंद.

आता जे सांगायचे टाळत होतो, ते सांगतो. ठरल्याप्रमाणे उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला. तीन खणांत तीन मासे बघून त्याने मला मिठी मारली. चौथा आपण दोघे आणू, म्हणाला. आम्ही पांढरा शुभ्र आणला आणि घरी आल्याबरोबर चौथ्या खणात सोडला. नव्या माशाला दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहायचे असते, हे मी वाचले होते. पोराची घाई बघून म्हटले, मध्ये भिंत तर आहे. आठवड्याने पांढऱ्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले. पांढऱ्यावर पांढरे, आधी कळलेच नाहीत. हा रोग एका सूक्ष्म परजीवीचा. तो माशाच्या अंगावर वाढतो, मग सुटून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पाण्यातून नवा मासा शोधत फिरतात. त्यांना माझी तीन मिलिमीटरची भोके म्हणजे राजरस्ता. ज्या एकाच पाण्याचे मी एवढे गुण गायले, त्याच पाण्याने रोग चारही बिऱ्हाडांत पोचवला. हळूहळू पाणी तीस अंशांवर नेले, मीठ घातले, औषध घातले. दोन वाचले, दोन गेले. गेलेल्यांत पांढरा होता आणि निळाही.

निळा गेला तेव्हा नातू नागपूरला परतला होता. फोन मीच केला. या वेळी काहीही झाकले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्हाला माहीत होतं ना, वेगळा ठेवायचा असतो ते?" मी म्हणालो, "होय. माहीत होतं." "मग घाई मी केली म्हणून का ठेवलात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण तो बोलत राहिला. निळा दुकानातून आणला तेव्हाच वर्षाचा असेल, हे मासे दोन-तीन वर्षेच जगतात, असे त्यानेच मला समजावले. त्यानेही वाचायला सुरुवात केली होती.

दिवाळीत तो आला तेव्हा मी विचारले, रिकाम्या दोन खणांत नवे आणायचे का? आणायचे तर आधी बादलीत तीन आठवडे. तो पेटीसमोर बराच वेळ बसला. मग म्हणाला, "नको. कडेच्या दोन भिंती काढू, मधली ठेवू." आम्ही दोघांनी बाह्या वर करून पत्रे उपसले. आता एकेका माशाला दीड फूट जागा आहे. डावीकडच्याने पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यात बुडबुड्यांचे घरटे बांधले. नर हे पिलांसाठी बांधतो, मादी नसली तरी बांधतो. नातवाला ते फोनवरून दाखवले.

काढलेले दोन पत्रे माळ्यावर ठेवले होते. परवा धाकटा भाऊ आला आणि त्यातला एक घेऊन गेला. त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यात हवा खेळत नाही म्हणे, आणि इतकी घासूनपुसून पाडलेली भोके त्याला हिंगणघाटच्या बाजारातही मिळाली नसती.